टीव्हीच्या कोपऱ्यातला जांभळा डाग : दोष शोधायला शिकवणारा एक पाठ



विज्ञानाच्या पुस्तकात 'निरीक्षण, अंदाज, प्रयोग, निष्कर्ष' हे चार शब्द दरवर्षी येतात. मुलं ते पाठ करतात, पेपरात लिहितात आणि विसरतात. हे चार शब्द प्रत्यक्ष वापरायची वेळ घरी कुठली तरी वस्तू बिघडली की येते. पण त्या वेळी आपण मोठी माणसं पहिला प्रश्न विचारतो तो 'कोणी केलं?' असा. 'काय झालं?' हा प्रश्न मागेच राहतो. हा पाठ त्या राहिलेल्या प्रश्नाचा आहे.

सुरुवात कशी झाली

बेसा आता पूर्वीचं गाव राहिलं नाही. लेआउट पडले, फ्लॅट स्कीम आल्या, घरोघरी भिंतीवरचे सपाट टीव्ही लागले. पण जुन्या घरांमध्ये अजूनही कुठे कुठे पाठीमागे पोट असलेला काचेच्या पिक्चर ट्यूबचा टीव्ही सापडतो. आमच्या नववीतल्या एका मुलाच्या घरी असाच १९९०च्या दशकातला २१ इंची रंगीत टीव्ही आहे. तो त्याच्या आजोबांचा. सेट-टॉप बॉक्स लावून आजोबा त्यावर संध्याकाळी सह्याद्री वाहिनी पाहतात.

एक दिवस मधल्या सुट्टीत तो मुलगा आला. चेहरा उतरलेला.

"सर, आबाजीच्या टीव्हीवर डाग पडला. कोपऱ्यात जांभळा दिसते, त्याच्या बाजूले हिरवा. बाबा म्हणते, तूच बिघडवला. आता भंगारवाल्याले देऊन टाकते म्हणते."

"तू काही केलं होतं का?"

थोडा वेळ गप्प. मग म्हणाला, "फुटक्या स्पीकरचा चुंबक होता माझ्यापाशी. तो काचेले लावून पाहिला. चित्र गोल गोल फिरते, रंग बदलते, म्हणून मजा वाटली. पण सर, त्याले तीन महिने झाले!"

'तीन महिने' हा शब्द माझ्या डोक्यात अडकला. रंगीत टीव्हीजवळ चुंबक नेला तर डाग पडतो, हे खरं. पण धड असलेला टीव्ही तो डाग स्वतःच पुसून टाकतो. तीन महिन्यांत का पुसला नाही? हा प्रश्न मी वर्गात मांडला आणि आमचे पुढचे चार तास त्यातच गेले.

आधी थोडं शास्त्र : रंग येतो कुठून?

आपल्याकडे दूरदर्शनचं रंगीत प्रक्षेपण १९८२ साली सुरू झालं. त्याच वर्षी दिल्लीत आशियाई खेळ झाले आणि रंगीत टीव्ही घराघरांत पोहोचू लागला. भारताने पाल ही पद्धत घेतली. तिच्यात एक चित्र ६२५ ओळींचं असतं आणि सेकंदाला अशी २५ चित्रं येतात.

पिक्चर ट्यूबच्या मानेत तीन इलेक्ट्रॉन गन असतात. एक लाल रंगासाठी, एक हिरव्यासाठी, एक निळ्यासाठी. इलेक्ट्रॉनला स्वतःला रंग नसतो, हे मुलांना आवर्जून सांगावं लागतं. नाहीतर 'लाल गनमधून लाल किरण निघतो' असं त्यांच्या डोक्यात पक्कं बसतं. रंग असतो तो काचेच्या आतल्या बाजूला लावलेल्या फॉस्फर नावाच्या लेपात. त्याच्या बारीक बारीक पट्ट्या किंवा ठिपके असतात : लाल, हिरवा, निळा, पुन्हा लाल, हिरवा, निळा. इलेक्ट्रॉन ज्या पट्टीवर आदळेल, तो रंग उजळतो.

मग लाल गनचे इलेक्ट्रॉन फक्त लाल पट्टीवरच कसे पडतात? पडद्याच्या थोडं मागे पातळ पोलादी पत्र्याची एक जाळी असते. तिला शॅडो मास्क म्हणतात. तिला लाखो बारीक छिद्रं किंवा फटी असतात. तीन गनचे झोत वेगवेगळ्या कोनांतून येतात, एकाच फटीतून जातात आणि कोन वेगळा असल्यामुळे आपापल्या पट्टीवर पडतात. सुमारे एक पंचमांश इलेक्ट्रॉनच या जाळीतून पार होतात, बाकीचे जाळीवरच अडतात.

वर्गात मी हे पुठ्ठ्याला एक उभी फट पाडून दाखवलं. मागे कोरा कागद, पुढे तीन जागी तीन मुलं, प्रत्येकाच्या हाती टॉर्च. फट एकच, पण कागदावर प्रकाशाच्या तीन वेगळ्या रेघा. मग एका मुलाला अर्धं पाऊल बाजूला सरकायला सांगितलं. त्याची रेघ शेजारच्याच्या जागेवर गेली. "म्हणजे लालचा झोत हिरव्याच्या घरी गेला!" मागच्या बाकावरून आवाज आला. आमच्या डागाचं कारण हेच होतं. ते सिद्ध करायचं तेवढं बाकी होतं.

झोत सरकवतो कोण? चुंबक. दहावीच्या 'विद्युतधारेचे परिणाम' या प्रकरणात फ्लेमिंगचा डाव्या हाताचा नियम आहे. चुंबकीय क्षेत्रातून जाणाऱ्या विद्युतधारेवर बल काम करतं, तसंच धावणाऱ्या इलेक्ट्रॉनवरही करतं. या टीव्हीत सुमारे २५,००० व्होल्टच्या ओढीने इलेक्ट्रॉन सेकंदाला अंदाजे ९०,००० किलोमीटर वेगाने येतात. तरी साध्या स्पीकरच्या चुंबकाने ते वाट चुकतात.

दोष शोधताना : एका वेळी एकच बदल

मुलाच्या वडिलांची परवानगी घेऊन शनिवारी शाळा सुटल्यावर आम्ही सहा जण त्याच्या घरी गेलो. पहिला नियम असा ठरला की, टीव्हीचं मागचं झाकण कोणीही उघडायचं नाही. जे करायचं ते बाहेरूनच. दुसरा नियम म्हणजे एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि वहीत लिहायची.

पहिली चाचणी : चॅनल बदलला. चित्र बदललं, डाग तिथेच. सेट-टॉप बॉक्स बंद करून नुसता रिकामा पडदा ठेवला, तरी डाग तिथेच. म्हणजे दोष केबलचा किंवा बॉक्सचा नाही. वडिलांनी आधीच बॉक्स बदलून मागायचं ठरवलं होतं, तो खर्च इथेच वाचला.

दुसरी चाचणी ही सगळ्यात महत्त्वाची. रिमोटने 'कलर' शून्यावर आणला. सगळं चित्र काळं-पांढरं झालं, पण कोपरा जांभळाच राहिला. इथे मी मुलांना थांबवलं. "आता टीव्हीच्या आतून रंगाची सूचनाच जात नाही. तरी रंग दिसतो. मग तो येतो कुठून?" दोन मिनिटं शांतता. मग एक मुलगी म्हणाली, "सर, रंग पाठवण्यात चूक नाही. पोहोचण्यात चूक आहे." मी एवढ्या नेमक्या शब्दांत सांगू शकलो नसतो.

तिसरी चाचणी : आजूबाजूला चुंबक आहे का? होता. टीव्हीला अगदी चिकटून होम थिएटरचा मोठा स्पीकर ठेवलेला होता, डागाच्याच बाजूला. तो वडिलांनी ठेवला होता. स्पीकर चार फूट लांब नेला. डाग थोडा लहान झाला, गेला मात्र नाही. म्हणजे स्पीकरचा हात होता, पण सगळा दोष त्याचा नव्हता.

चौथी चाचणी फसली, तीही सांगतो. एकाने कंपास आणला होता. तो डागापाशी धरला, सुई फिरली. मुलं खूश. पण दुसऱ्या कोपऱ्यात धरला तरी फिरली, खाली धरला तरी फिरली. टीव्हीच्या आत स्वतःचे स्पीकर आहेत, पोलादी पट्ट्या आहेत. त्यामुळे या चाचणीतून काहीच कळत नाही. वहीत लिहिलं : 'निरुपयोगी'. ज्या चाचणीचं उत्तर दोन्ही बाजूंनी सारखंच येतं, ती चाचणी सोडून द्यायची, हेही शिकणंच आहे.

पाचवी चाचणी कानाची. रंगीत ट्यूबभोवती तांब्याच्या तारेचं एक मोठं वेटोळं असतं. त्याला डिगॉसिंग कॉइल म्हणतात. थंड टीव्ही मेन स्विचने सुरू केला की तिच्यातून क्षणभर जोरदार प्रत्यावर्ती धारा जाते. बऱ्याच टीव्हीत त्या वेळी 'झूंम' असा जड आवाज येतो. हा आवाज म्हणजे टीव्ही आपली जाळी आपणच धुतो आहे. मी विचारलं, "तुम्ही टीव्ही बंद कसा करता?" उत्तर आलं, "रिमोटने." मेन स्विच महिनोन्‌महिने चालूच. पुष्कळ टीव्हीत मेन स्विच बंद करून टीव्ही थंड झाल्याशिवाय हे धुणं पुन्हा होत नाही.

म्हणून मेन स्विच बंद केला, अर्धा तास थांबलो. आजोबांनी तेवढ्यात सगळ्यांना चिवडा दिला आणि पहिला टीव्ही घरी आला तेव्हा शेजारपाजारचे कसे गोळा झाले होते, ते सांगितलं. अर्ध्या तासाने स्विच लावला. सगळे कान देऊन उभे. आवाज नाही. डागही तसाच. पुन्हा अर्धा तास, पुन्हा तेच.

मुलांनी वहीत लिहिलेला निष्कर्ष असा : 'चुंबकामुळे जाळी चुंबकित झाली असावी. टीव्हीची स्वतःला धुण्याची सोय बंद पडली असावी.' दोन्हीकडे 'असावी' लिहायला मी लावलं. झाकण उघडून पाहिल्याशिवाय 'आहे' लिहायचं नाही.

धुणं म्हणजे नेमकं काय?

चुंबकावर घासलेली सुई चुंबक होते, हे मुलांनी सहावीपासून केलेलं असतं. तिचं चुंबकत्व घालवायचं कसं? झोक्याचं उदाहरण मी देतो. झोका जोरात चालला आहे. त्याला धक्का देणं थांबवलं की तो डावीकडे-उजवीकडे जात, दर वेळी थोडा कमी, शेवटी बरोबर मध्ये थांबतो. पण झोका एका बाजूला असताना कोणी दोरी धरून ठेवली, तर तो तिथेच अडकतो. जाळीचंही तसंच. प्रत्यावर्ती धारेमुळे जाळी एकदा इकडे, एकदा तिकडे अशी सेकंदाला ५० आवर्तनांनी चुंबकित होते. धारा हळूहळू कमी होत गेली की जाळीतला डाग पुसला जातो. ती अचानक तोडली, तर नवा डाग पडतो.

ही धारा कमी करण्याचं काम एक लहानसा भाग करतो. त्याला पीटीसी थर्मिस्टर म्हणतात, मेकॅनिक लोक पॉझिस्टर म्हणतात. थंड असताना त्याचा रोध कमी असतो, म्हणून धारा जोरात जाते. धारेने तो तापतो, रोध खूप वाढतो आणि एक-दोन सेकंदांत धारा जवळपास संपते. तापलेला असेपर्यंत तो पुन्हा काम करत नाही, म्हणूनच आम्हाला अर्धा तास थांबावं लागलं.

वर्गात करण्यासारखा सोपा प्रयोग : पट्टीचुंबक दोऱ्याला आडवा टांगा, दोऱ्याला पीळ देऊन गरगर फिरू द्या. चुंबकित सुई त्याच्याजवळ धरा आणि चुंबक फिरत असतानाच हळूहळू लांब न्या. सुई पूर्वीइतक्या टाचण्या उचलत नाही. आमचा पहिला प्रयत्न फसला, कारण सुई पटकन ओढली. दुसऱ्यांदा सावकाश नेली तेव्हा जमलं.

'डिगॉस' हा शब्द गाऊस या गणितज्ञाच्या नावावरून आला. दुसऱ्या महायुद्धात समुद्रात पेरलेले चुंबकीय सुरुंग जहाजाच्या लोखंडामुळे फुटत. त्यापासून वाचण्यासाठी जहाजांचं चुंबकत्व घालवत, तेव्हा हा शब्द रूढ झाला. युद्धातली ती युक्ती पुढे घरातल्या टीव्हीत येऊन बसली, हे ऐकून मुलांचे डोळे मोठे झाले.

झाकण मेकॅनिकनेच उघडलं

जुने टीव्ही दुरुस्त करणारे आता कमी उरलेत. बर्डीवर विचारपूस करून एक मेकॅनिक भाऊ मिळाले. मुलांनी त्यांना वही दाखवली. त्यांनी ती पूर्ण वाचली आणि म्हणाले, "गिऱ्हाईक येते, 'टीव्ही खराब झाला' एवढंच म्हणते. तुम्ही तर माझं अर्धं काम करून आणलं."

मुलांना सहा फूट लांब उभं करून त्यांनी झाकण उघडलं, ट्यूबमधला साठलेला भार आधी उतरवला, पॉझिस्टर काढला आणि कानापाशी हलवून दाखवला. आत खडखड. आतली चकती तुटली होती. वहीतलं दुसरं 'असावी' आता 'आहे' झालं.

त्यांच्याजवळ हाताने फिरवायची मोठी डिगॉसिंग कॉइल होती. ती फिरवली असती तर डाग लगेच गेला असता. पण मी विनंती केली की आधी फक्त नवा पॉझिस्टर बसवून पाहू, म्हणजे कशाने काय झालं ते मुलांना कळेल. त्यांनी मानलं. स्विच लावताच 'झूंम' आवाज आला आणि मुलांनी टाळ्या वाजवल्या. चित्र आलं तेव्हा डाग फिका झाला होता, पण पुरता गेला नव्हता. जवळून लावलेल्या चुंबकाचा डाग टीव्हीच्या आतल्या कॉइलला कधी कधी एका दमात जात नाही. मग भाऊंनी हातातली कॉइल पडद्यासमोर गोल गोल फिरवली. पडद्यावर इंद्रधनुष्य घुसळल्यासारखे रंग फिरले. ते फिरवत फिरवत मागे सरकत गेले, दाराशी पोहोचले आणि तिथे बटण सोडलं. जवळ असतानाच बटण का सोडायचं नाही, हे मुलांना विचारलं. सगळे एकदम म्हणाले, "झोका!"

कोपरा स्वच्छ झाला.

मग दोष कोणाचा?

परत आल्यावर वर्गात यावर बोलणं झालं. मुलाने चुंबक लावला, ही त्याची चूक होतीच. चुंबक फार जोराचा असता तर जाळी कायमची वाकली असती आणि कुठल्याच कॉइलने दुरुस्त झाली नसती. हे त्याला स्पष्ट सांगितलं. पण डाग तीन महिने टिकला तो तुटक्या पॉझिस्टरमुळे. त्यात भर पडली वडिलांनी ठेवलेल्या स्पीकरची. रिमोटच्या सवयीमुळे स्वतःला धुणं थांबलं आहे, हे कोणाच्या लक्षातही आलं नाही. एका डागामागे इतकी कारणं! 'तूच बिघडवला' या वाक्यात त्यातलं एकच मावत होतं.

मुलाचे वडील त्या संध्याकाळी वही पाहत होते. म्हणाले, "सर, म्हणजे माझा स्पीकर पण होता काय त्याच्यात?" आणि हसून त्यांनी स्पीकर स्वतःच उचलून दुसऱ्या भिंतीशी नेला. मुलाच्या चेहऱ्यावर त्या वेळी जे आलं, त्यासाठी चार तास गेले याचं मला काही वाटलं नाही.

घरच्या घरी ओळखण्यासाठी

जुन्या रंगीत टीव्हीचे इतर काही चित्रदोष बाहेरूनच ओळखू येतात. मुलांना हे कोड्यासारखे विचारा :

- एकाच जागी रंगाचा डाग, चित्राबरोबर न हलणारा : चुंबकत्व.
- संपूर्ण चित्र मोरपंखी : लाल रंग गेला. संपूर्ण पिवळं : निळा गेला. संपूर्ण राणी कलरचं : हिरवा गेला. (तीन रंगांची बेरीज येत असेल तर उत्तर आपोआप निघतं.)
- मधोमध एकच आडवी चमकती रेघ : चित्र वर-खाली पसरवणारा भाग बंद.
- पडद्यावर मुंग्या आणि खरखर : सिग्नल पोहोचत नाही.
- चित्र स्वच्छ पण फक्त काळं-पांढरं : आधी रिमोटची कलर सेटिंग पाहा, मग सिग्नल, शेवटी टीव्ही.

सुरक्षेचं, अगदी स्पष्ट

टीव्ही बंद करून प्लग काढला तरी पिक्चर ट्यूबमध्ये हजारो व्होल्टचा भार बराच वेळ राहू शकतो. ट्यूबच्या आत निर्वात पोकळी असते, ती फुटली तर काचा सगळीकडे उडतात. म्हणून झाकण उघडणं हे मुलांचं काम नाही, आणि सवय नसलेल्या शिक्षकांचंही नाही. चुंबकाचा प्रयोग चालू रंगीत टीव्हीवर करून दाखवू नका.

टीव्ही खरंच संपला असेल तर ट्यूब फोडून तांब्यासाठी विकू देऊ नका. तिच्या काचेत शिसं असतं. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांप्रमाणे असा टीव्ही नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्यांकडेच जायला हवा.

वर्गात विचारायचे प्रश्न

१. काळ्या-पांढऱ्या टीव्हीजवळ चुंबक नेला तर चित्र वाकडं होतं, पण रंगाचा डाग मागे का राहत नाही?
२. डिगॉसिंग कॉइलला बॅटरी जोडली तर काय होईल?
३. सपाट एलईडी टीव्हीवर चुंबकाचा असा डाग का पडत नाही?
४. तुमच्या घरी शेवटची कुठली वस्तू बिघडली? तिच्यासाठी, झाकण न उघडता करता येतील अशा तीन चाचण्या लिहा.

चौथ्या प्रश्नाची उत्तरं वाचायला मला सगळ्यात जास्त आवडली. एकीने मिक्सरबद्दल लिहिलं, एकाने सायकलच्या डायनॅमोबद्दल. त्या नववीतल्या मुलाने लिहिलं : 'आमच्या घरी आता काही बिघडलं तर बाबा आधी मला वही आणायला सांगतात.'

आपणही आपल्या वर्गात हा पाठ घेऊन पाहा. टीव्हीच हवा असं नाही. बिघडलेली वस्तू आणि एक कोरी वही पुरे.